इंजिनाचा तेलडबा : कोणास उपयोगी, कोणास निरुपयोगी

हल्लीं मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांत 'ऑइल कॅच कॅन' नांवाचा एक लहानसा डबा मिळतो. तो बसविला असतां इंजिनाचें आयुष्य वाढतें, धूर कमी होतो व तेल वांचतें, असें विक्रेते सांगतात. ज्यांचे घरीं ट्रॅक्टर, जीप किंवा मालाची गाडी आहे अशा शेतकरी बंधूंनीं हा खर्च करावा कीं न करावा, हें ठरविण्यापूर्वीं त्या डब्याचें कार्य काय आहे, तें समजून घेणें अवश्य आहे. यास पुढें आम्ही नुसता 'तेलडबा' म्हणूं.

सिलिंडरांत इंधन जळतें तेव्हां उत्पन्न होणारा वायु पिस्टनास खालीं ढकलतो. त्या वायूस पिस्टनच्या रिंगा अडवितात. परंतु रिंग कितीही चांगली असली तरी तिच्या दोन टोकांमध्यें सूक्ष्म फट ठेवावीच लागते, आणि त्या वाटेनें थोडा वायु खालच्या चेंबरांत उतरतो. आपले मिस्त्री यास 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. या वायूंत पाण्याची वाफ, न जळलेलें इंधन व काजळी असते. शिवाय चेंबरांत घुसळल्या जाणाऱ्या तेलाचे तुषारही त्यांत मिसळतात. तो बाहेर न पडला तर आंत दाब वाढून सिलांतून तेल झिरपूं लागतें. म्हणून इंजिनास श्वास सोडण्यासाठीं ब्रीदरची नळी ठेवलेली असते.

पूर्वीं या नळीचें तोंड उघड्या हवेंत सोडीत. पुढें अमेरिकेंत लॉस एंजेलिस शहराची हवा मोटारींच्या धुरानें दूषित झाली, तेव्हां सन १९६१ मध्यें कॅलिफोर्निया राज्यानें हा वायु पुनः इंजिनाच्या हवेच्या मार्गांत नेऊन जाळण्याची व्यवस्था सक्तीची केली. हीच पद्धति मोटारींत सर्वत्र रूढ झाली. हवेचा त्रास कमी झाला, पण तेलाचे तुषार इंजिनाच्या शुद्ध हवेच्या वाटेवर आले. तेलडबा या परतीच्या नळीवर मध्येंच बसवावयाचा असतो. त्यांत वायूचा वेग मंदावतो, तो जाळीवर व आडव्या पत्र्यांवर आदळतो, तुषारांचे थेंब बनून तळाशीं सांचतात, आणि पुष्कळसा तेलविरहित वायु पुढें जातो. डब्याचें कार्य एवढेंच.

आतां तो कोणास हवा, हें पाहूं. ज्या जुन्या ट्रॅक्टरांची ब्रीदरची नळी इंजिनाखालीं उघडी सोडलेली असते, त्यांच्या हवेच्या मार्गांत हें तेल जातच नाहीं. मग डबा अडविणार काय? फार तर खालची जमीन स्वच्छ राहील. अशा ट्रॅक्टरवर हा खर्च व्यर्थ आहे; तेंच द्रव्य हवेच्या गाळणींत व वेळेवर तेल बदलण्यांत घालावें.

ज्या पेट्रोल गाड्यांत इंधनाचा फवारा झडपांच्या मागें पडतो, त्यांतील झडपा पेट्रोलनेंच धुतल्या जातात. तेथें लाभ अल्पच. परंतु ज्यांत पेट्रोल थेट सिलिंडरांत फवारलें जातें त्यांची गोष्ट निराळी. मित्सुबिशी कंपनीनें सन १९९६ मध्यें अशी मोटार बाजारांत आणली, व पुढें ही रचना पुष्कळांनीं स्वीकारली. तींत आंत येणाऱ्या हवेच्या झडपांवर पेट्रोल पडत नाहीं. त्यामुळें तेल तेथेंच भाजून कठीण काजळीचा थर चढतो. टर्बो असलेल्या नव्या डिझेल इंजिनांत धुराचा कांहीं भाग पुनः आंत घेतात. त्याची काजळी व हें तेल मिळून हवेच्या मार्गांत डांबरासारखा चिकटा जमतो. भारतांत पन्नास अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाल्यानें अशीं इंजिनें आतां शेतावरही आलीं आहेत. येथें तेलडबा उपयुक्त ठरूं शकतो. तरी काजळी केवळ ब्रीदरच्याच वाटेनें येत नाहीं, म्हणून थर कमी होईल, मुळींच धरणार नाहीं असें नव्हे. शिवाय पुष्कळ इंजिनांत तेल वेगळें करण्याची सोय कारखान्यांतच केलेली असते. प्रथम गाडीबरोबर मिळालेलें पुस्तक पाहावें, आणि हमीची मुदत चालू असल्यास विक्रेत्याची लेखी संमति घेतल्यावांचून नळी कापूं नये.

आमचें मुख्य सांगणें पुढेंच आहे. रिंगा झिजलेल्या इंजिनास तेलडबा हें औषध नव्हे. इंजिन तापल्यावर मंद गतीनें चालू ठेवावें, व तेल भरण्याच्या तोंडावरील झांकण काढून तें उलटें, सैल ठेवावें. झांकण जोराने उडत असेल व धुराचे झोत सतत येत असतील, तर रिंगा व सिलिंडर यांची परीक्षा जाणत्या मिस्त्रीकडून करवावी. अशा इंजिनास डबा लावला तर बाहेर दिसणारें तेल दिसेनासें होतें, मालक निर्धास्त राहतो, आणि ऐन पेरणींत ट्रॅक्टर बंद पडतो. रोग झांकण्यास दिलेलें द्रव्य रोग बरा करण्यास उरत नाहीं.

याहून भयंकर गोष्ट अशी कीं, परतीच्या नळीवरील डबा रिकामा न करतां तुडुंब भरूं दिला, तर तेंच तेल एकदम इंजिनांत ओढलें जातें. डिझेल इंजिन मग या तेलावरच चालूं लागतें. चावी बंद केली तरी थांबत नाहीं, वेग वाढतच जातो व इंजिन फुटूं शकतें. अशा वेळीं हवेचें तोंड जाड फळीनें बंद करावें. हात कदापि लावूं नये.

डबा घ्यावयाचाच तर आंत जाळी व पत्रे असलेला घ्यावा. पोकळ डब्यांतून तुषार तसेच निघून जातात. नळी तेल सोसणारी असावी; पाण्याची साधी नळी मऊ पडून दबते व श्वास कोंडतो. डबा सायलेन्सरपासून दूर, थंड जागीं बसवावा. आरंभीं दर आठवड्यास उघडून पाहावा, मग तेल सांचण्याच्या मानानें मुदत ठरवावी. थंडींत दुधासारखें पांढरें मिश्रण निघतें. तें बहुधा वाफेचें पाणी होय. तें पुनः इंजिनांत घालूं नये, विहिरीजवळ किंवा बांधावरही ओतूं नये. जुन्या तेलाबरोबर तें घेणाऱ्याचे स्वाधीन करावें.

प्रत्येक वेळीं निघालेलें तेल मापून, ट्रॅक्टरचे तास व तारीख यांसह वहींत लिहावें. महिन्यामागून महिना आंकडा स्थिर असेल तर इंजिन सुस्थितींत आहे असें समजावें. तो अकस्मात् वाढूं लागला तर रिंगांकडे लक्ष द्यावें. ज्यास ही वही ठेवण्याचा व डबा रिकामा करण्याचा कंटाळा आहे, त्यानें तेलडबा न घेणें हेंच हिताचें.