उठून जाता न येणाऱ्या जागा

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानावर बंदी असावी की नसावी, हा प्रश्न भारतात कायद्याने केव्हाच निकाली काढला आहे. ‘सिगारेट व अन्य तंबाखूजन्य उत्पादने अधिनियम, २००३’ या कायद्याच्या चौथ्या कलमाने ती बंदी घातली आणि २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी तिचा तपशील ठरवून दिला. आज चर्चा चालते ती या बंदीच्या सीमा किती वाढवाव्यात याची. न्यूयॉर्क शहराने २०११ मध्ये बागा व समुद्रकिनारे बंदीखाली आणले, इटलीतील मिलान शहराने २०२१ मध्ये बसथांबे व बागा यांत इतरांपासून दहा मीटरांचे अंतर राखता येत नसेल तर धूम्रपान करू नये असा नियम केला आणि फ्रान्सने २०२५ मध्ये किनारे, बागा व बसथांबे यांबाबत देशभर तसेच पाऊल उचलले. पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या तालुक्यांपुढे हाच प्रश्न ठेवला, तर त्याचे रूप बदलते. कारण येथे एका बाजूला नगरपरिषद व नगरपंचायत असलेली दोन छोटी शहरे आहेत, तर दुसऱ्या बाजूला वारली, कोकणा, मल्हार कोळी, दुबळा व कातकरी समाजांचे असंख्य पाडे आहेत, आणि या दोहोंचा कारभार निरनिराळ्या कायद्यांनी चालतो.

बंदीचा मूळ हेतू धूम्रपान करणाऱ्याला शिक्षा करणे हा नाही, तर शेजारच्या माणसाचे रक्षण करणे हा आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते. विडी किंवा सिगारेट जळत असताना तिच्या टोकातून निघणारा आणि ओढणाऱ्याने बाहेर सोडलेला धूर हवेत मिसळतो. तो श्वासावाटे इतरांच्या शरीरात जाणे याला निष्क्रिय धूम्रपान म्हणतात. या धुरात हजारो रसायने असून त्यांतील सुमारे सत्तर कर्करोगकारक असल्याचे सिद्ध झाले आहे आणि जगभरात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे स्वतः धूम्रपान न करताही या धुरामुळे मृत्युमुखी पडतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बंदीचा परिणाम किती झपाट्याने दिसतो, याचे उदाहरण स्कॉटलंडमध्ये सापडते. तेथे मार्च २००६ मध्ये बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपान बंद झाले. त्यापूर्वी दम्यामुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्या मुलांचे प्रमाण वर्षाला सुमारे ५ टक्क्यांनी वाढत होते, ते त्यानंतर वर्षाला सुमारे १८ टक्क्यांनी घटू लागले. बाहेर बंदी आली की लोक घरात अधिक ओढतील, ही भीतीही तेथील पाहणीत खरी ठरली नाही.

भारतातील कायद्याला न्यायालयीन पार्श्वभूमी आहे. केरळ उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सार्वजनिक धूम्रपान बेकायदेशीर ठरवले आणि मुंबईचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर २ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालये, शाळा, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कार्यालये व सार्वजनिक वाहने यांत ते थांबवण्याचा आदेश दिला. धूम्रपान न करणाऱ्याला दुसऱ्याच्या धुराचा बळी होऊ देणे हा जगण्याच्या हक्कावरील घाला आहे, ही त्यामागची भूमिका होती. २००३ च्या कायद्याने मात्र ‘खुली जागा’ सार्वजनिक ठिकाणाच्या व्याख्येतून वगळली आणि ही पळवाट बंद करण्यासाठी २००८ च्या नियमांना असे स्पष्ट करावे लागले की रेल्वे स्थानक, बसस्थानक, क्रीडांगण, खुले प्रेक्षागृह अशा लोकांच्या वर्दळीच्या जागा खुल्या असल्या तरी त्यांना सूट नाही. कामाची जागाही बंदीत आली. ज्यांत वेगळा धूम्रपान कक्ष ठेवता येतो अशी ठिकाणे म्हणजे विमानतळ, तीस किंवा अधिक खोल्यांची हॉटेले आणि तीस किंवा अधिक आसनांची उपाहारगृहे. दंडाची मर्यादा २०० रुपये आहे.

याचा अर्थ असा की डहाणू रोड स्थानकाचा फलाट, डहाणूचे एसटी आगार, तलासरीचे बसस्थानक, तहसील कार्यालय आणि ग्रामीण रुग्णालय ही ठिकाणे आजच धूम्रपानमुक्त असायला हवीत. विस्ताराची भाषा करताना हा पाया विसरला जातो.

या भागातील तंबाखूचे स्वरूपही शहरी चर्चेत बसणारे नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करतात. त्यात धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के, तर चघळणारे, मळून खाणारे किंवा मशेरी लावणारे २४.४ टक्के आहेत. धुरावरची बंदी कितीही कडक केली तरी तंबाखूच्या दुखण्याचा मोठा भाग तिच्या आवाक्याबाहेर राहतो, हे मान्य करूनच पुढे जावे लागते. धूर होतो तोही बहुतांशी विडीचा. आपट्याच्या किंवा टेंभुर्णीच्या पानात तंबाखू वळून ओढणे ही या डोंगरपट्ट्यात जुनी रीत असून आल्यागेल्यापुढे विडी करणे हा आदराचा भाग मानला जातो. विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असते, म्हणून ती सौम्य असावी असा समज आहे. परंतु तिचे पान हवा सहज आत घेत नसल्याने ती विझू नये म्हणून वारंवार व जोराने ओढावी लागते आणि त्यामुळे डांबर व कार्बन मोनॉक्साइड शरीरात अधिक जातात. धूम्रपान करणाऱ्याला क्षयरोग होण्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो आणि ज्या घरांत कुपोषण हे आधीच ठाण मांडून बसलेले आहे तेथे हा धोका वेगळा मोजता येत नाही.

बंदी कोठे वाढवावी, याचा निर्णय करताना एकच कसोटी लावणे योग्य ठरेल: धूर सहन करणाऱ्या माणसाला त्या जागेवरून उठून जाता येते का? ही कसोटी लावली की प्राधान्यक्रम उलटा होतो. बोर्डीच्या किंवा डहाणूच्या पारनाक्याच्या किनाऱ्यावर वारा वाहतो, जागा मोकळी असते आणि त्रास झालेला माणूस दहा पावले बाजूला होऊ शकतो. किनाऱ्यावर बंदी घालायची तर तिचे खरे कारण धूर नव्हे, कचरा हे आहे. कारण सिगारेटचे फिल्टर सेल्युलोज ॲसिटेट या प्लास्टिकचे असते आणि ते वाळूत वर्षानुवर्षे टिकते. विडीला फिल्टर नसते, म्हणजे किनाऱ्यावरचा हा कचरा मुख्यतः सहलीला येणाऱ्यांचा असतो. ते कारण पुरेसे सबळ आहे, पण ते आरोग्याच्या नावाखाली मांडू नये.

याउलट, पाड्यावरून बाजाराला निघालेली शेअर रिक्षा किंवा इको गाडी घ्यावी. तिच्यात माणसे दाटीवाटीने बसलेली असतात, चालकाने किंवा पुढे बसलेल्याने विडी पेटवली की मागे मांडीवर मूल घेऊन बसलेल्या बाईला उतरता येत नाही, कारण पुढची गाडी केव्हा येईल याची शाश्वती नसते. ती सार्वजनिक वाहन असल्याने कायद्याने धूम्रपानबंदी तेथे आहेच, मात्र अंमल नाही. डहाणूतील रबरी फुगे बनवण्याचे कारखाने आणि चिंचणी-वरोर परिसरातील डाय (साचे) बनवण्याचे छोटे उद्योग हीही कामाची ठिकाणे आहेत आणि तेथील मजुराला पाळी संपेपर्यंत जागा सोडता येत नाही. गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून या तालुक्यांतून जाणाऱ्या तरुणांची स्थिती तर याहून कठीण आहे, कारण समुद्रात असलेल्या बोटीवरून कोणी उतरून जाऊ शकत नाही.

जत्रेचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. विवळवेढे येथील महालक्ष्मीची यात्रा चैत्र पौर्णिमेपासून सुमारे पंधरा दिवस भरते आणि आदिवासी कुटुंबे मुलाबाळांसह तेथे येतात. मैदान खुले असले तरी दर्शनाची रांग, मंडप आणि दुकानांमधल्या अरुंद वाटा या ठिकाणी गर्दीतून बाजूला होणे शक्य नसते. म्हणून सगळे मैदान बंदीखाली आणण्यापेक्षा रांग व मंडप धूम्रपानमुक्त करणे आणि ओढणाऱ्यांसाठी दूर, वाऱ्याच्या दिशेचा विचार करून एक मोकळी जागा नेमून देणे अधिक टिकाऊ ठरेल.

दंडाचा प्रश्न येथे अधिक काळजीपूर्वक हाताळायला हवा. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती, म्हणजे २०० रुपयांचा दंड हा मजुराच्या दिवसभराच्या कमाईचा दोन तृतीयांश भाग होतो, तर महामार्गावरून जाणाऱ्या मोटारमालकाला तो जाणवतही नाही. दंडाची रक्कम वाढवण्याची मागणी देशात अनेकदा होते आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये ती १००० रुपयांपर्यंत नेली. तेच सूत्र तलासरीत आणले तर बंदीचा भार सर्वांत गरीब माणसावर पडेल आणि कायद्याविषयी आस्था वाटण्याऐवजी गणवेशाची धास्ती वाढेल. ज्या मुलखात जमीनदार, सावकार व जंगलखाते यांच्या जाचाची आठवण पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली आहे आणि जेथे १९४५ मध्ये वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, तेथे बाहेरून आलेला हुकूम आणि आपण केलेला ठराव यांत लोक फरक करतात.

ठरावाचा मार्ग कायद्यात उपलब्ध आहे. डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात आणि तेथील ग्रामपंचायतींना १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. हा कायदा मादक पदार्थांची विक्री व सेवन यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार ग्रामसभेला देतो. तंबाखू या संज्ञेत बसते की नाही, यावर कायदेपंडितांचे मतभेद होऊ शकतात. परंतु त्यांचा निकाल लागेपर्यंत थांबण्याचे कारण नाही, कारण धूम्रपानबंदीच्या नियमांनी मुख्याध्यापक, स्थानक अधीक्षक व पोलीस उपनिरीक्षक यांच्याबरोबरच सरपंच आणि ग्रामसेवक यांनाही त्यांच्या हद्दीत कारवाईचा अधिकार दिलेला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘मुक्तिपथ’ या दारू व तंबाखूविरोधी कार्यक्रमात शासनयंत्रणेइतकेच महत्त्व गावोगावच्या संघटनांना दिले गेले, ही गोष्ट येथे उपयोगी पडणारी आहे.

सामायिक हवेसाठी कायद्याचा आधार घेणे डहाणूला नवीन नाही. १९९१ मध्ये केंद्र सरकारने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील या प्राधिकरणाच्या दीर्घ पाठपुराव्यामुळे येथील ५०० मेगावॉटच्या औष्णिक वीज प्रकल्पाला धुरातील गंधक वेगळे करणारी यंत्रणा बसवावी लागली. चिकूच्या बागांवर पडणाऱ्या राखेविरुद्ध वर्षानुवर्षे लढलेल्या या तालुक्यात रिक्षातल्या मुलाच्या श्वासासाठी वेगळे तत्त्व शोधावे लागत नाही.

नगरपरिषद व नगरपंचायत पेसाच्या कक्षेबाहेर असल्याने शहरांतील काम त्यांनाच करावे लागेल आणि त्याची सुरुवात साठ सेंटिमीटर बाय तीस सेंटिमीटर या ठरलेल्या मापाचा फलक प्रत्येक रिक्षाथांब्यावर व कारखान्याच्या दारावर, मराठीबरोबर वारली बोलीतही, लावण्यापासून होऊ शकते. पाड्यांसाठी २ ऑक्टोबरची ग्रामसभा सोयीची आहे. अंगणवाडी, आश्रमशाळा, रेशन दुकानाची रांग आणि गावात येणारी प्रत्येक प्रवासी गाडी येथे विडी पेटवली जाणार नाही, पहिल्या वेळी दंडाऐवजी समज दिली जाईल आणि सोडू इच्छिणाऱ्याला आशा कार्यकर्ती प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत घेऊन जाईल, एवढा ठराव तेथे एका बैठकीत मांडता येण्याजोगा आहे.