चाकावरचे अस्तर

मोटार जमिनीलगत बसविण्याचा जो षोक हल्लीच्या तरुणांत बळावला आहे, त्याची पहिली झळ इंजिनाला न लागता चाकाच्या कमानीत बसविलेल्या काळ्या प्लास्टिकच्या अस्तराला लागते. मूळच्या स्प्रिंगांच्या जागी आखूड स्प्रिंगा घातल्या की टायर आणि हे अस्तर यांमधील अंतर इतके आकुंचित होते, की वळलेले चाक खड्ड्यातून वर उसळताच टायरचा खांदा त्यावर घासतो, आणि कालांतराने तेथे भोक पडते.

असे एक अस्तर भोसरीकडच्या एका गॅरेजात उतरविताना मी जवळून पाहिले. गाडी फोक्सवॅगन पोलो, म्हणजे जवळच्याच चाकणला बनलेली, मिस्त्री पन्नाशीपलीकडचे. पहिली अडचण गाडी उचलण्याचीच होती, कारण ट्रॉली जॅक बंपरखालून आत शिरेना. तेव्हा चाके आधी लाकडी फळ्यांवर चढवून, बोल्ट तेथेच सैल करून, मग दरवाज्याखालच्या मजबूत कडेस जॅक लावण्यात आला, आणि गाडीचा भार स्टँडवर सोपविल्यावाचून मिस्त्रींनी आत हात घातला नाही. इतर गाड्यांत स्टिअरिंग पुरते वळवून, चाक न काढताही हे काम पुष्कळदा उरकते. येथे बोटे शिरण्यापुरतीही फट नव्हती.

अस्तर धरून ठेवणारे स्क्रू तारकाकृती खाचेचे, 25 नंबरच्या टॉर्क्स बिटाचे असतात, आणि त्या खाचेत जुना चिखल घट्ट बसलेला असतो. नवशिका माणूस बिट तसेच रेटतो. ते अर्धवट बसते आणि फिरविताच खाचेचे कोपरे झिजतात. मिस्त्रींनी प्रथम ब्रशने कमान झाडली, दाभणाने एकेक खाच कोरून काढली, आणि बिट तळाला टेकल्याची खात्री झाल्यावरच मनगटाचा जोर लावला. प्लास्टिकच्या क्लिपांचा न्याय निराळा: त्यांची मधली खुंटी आधी वर ओढावयाची, म्हणजे पाकळ्या आपोआप मिटतात, सबंध क्लिप उपटू पाहणाऱ्याच्या हाती केवळ तिचे डोके येते.

खरी परीक्षा पाहिली ती बंपरच्या तळाशी अधोमुख बसलेल्या स्क्रूंनी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा; आपल्या गल्लोगल्लीचे गतिरोधक हा दंडक जुमानीत नाहीत, आणि त्यांनी या बुटक्या गाडीच्या स्क्रूंची डोकी अशी खरवडली होती की खाच नावालाही उरली नव्हती. एकाला ग्रिप पकडीत धरून फिरविले. दुसऱ्याच्या डोक्यावर हॅक्सॉने आडवी चीर पाडून तो साध्या पेचकसाने बाहेर काढला. सकाळचा मोठा भाग या दोन स्क्रूंनीच खाल्ला.

मग अस्तर मधोमध वाकवून, कड बंपरमागून सोडवून खाली ओढले, तेव्हा माती, खडी आणि कुजलेली पाने यांचा ढीग फरशीवर पडला. मागच्या टोकाला, जेथे फेंडर दरवाज्याखालच्या पट्टीस मिळतो, ओलसर चिखलाखाली गंजाची पुटकुळी उमटली होती. पुढच्या बाजूस दिव्याच्या वायरी उघड्या पडल्या.

मालकाने उत्साहाने विचारले, “मामा, हे परत बसवलंच नाही तर? घासायचा प्रश्नच मिटला.”

“चालंल की,” मिस्त्री म्हणाले, “पाऊस पडंपर्यंत.”

घासणे हा अस्तराचा अपराध नव्हे. गाडी पुन्हा वर घेणे हाच त्यावरचा सरळ इलाज, परंतु तो त्या तरुणाला सुचविणे व्यर्थ होते. म्हणून तडजोड झाली. दबलेला भाग गरम हवेच्या गनने मऊ करून, जाड हातमोज्याने वर दाबून, निवेपर्यंत तसाच धरून ठेवला. हे प्लास्टिक तापविल्यावर आकार घेते आणि निवल्यावर तो राखते, मात्र गन एका जागी जरा अधिक रेंगाळली तर ते चकाकू लागते आणि वितळते. गंज खरवडून प्रायमर लावला, अस्तर नव्या स्क्रूंनिशी चढले, चाक बसले. खालच्या आर्मखाली जॅक लावून सस्पेन्शन दाबले आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरविले, तेव्हा टायरवरून पुठ्ठ्याची पट्टी, अडखळत का होईना, सरकली. दुसऱ्या बाजूच्या तळच्या स्क्रूंवर गंज सोडविणारे तेल फवारून मिस्त्रींनी चहा मागविला.