आधी हौसिंग, मग इंजिन

जुनी जीप पुन्हा उभी करायला घेतली की पैसा आणि उत्साह दोन्ही आधी इंजिनावर खर्च होतात, आणि गाडी चालू झाली की काम संपले असे समजले जाते. माझ्या मते क्रम नेमका उलटा हवा. आधी मागचे हौसिंग, म्हणजे क्राऊन-पिनियनची दातेरी जोडी जिच्यात बसते ती अॅक्सलवरची पेटी, मग पुढचे, मग गिअरबॉक्स आणि सगळ्यात शेवटी इंजिन. महिंद्राने 1947 पासून मुंबईत विलीज जीप जोडायला घेतल्या. पुढे उंच बॉनेटची सीजे-3बी आली. तिच्या हरिकेन इंजिनाचा इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये गेला, एक्झॉस्ट ब्लॉकमध्येच राहिला. इंजिन उंचावले म्हणून बॉनेटही उंचावले. इतिहास एवढाच पुरे. या 2.2 लिटर इंजिनाची झीज भरून काढायची सोय त्याच्या घडणीतच आहे. सिलिंडर झिजला तर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसतो, ती मर्यादा संपली तर स्लीव्ह घालून मूळ मापावर परत येता येते. क्रँक ग्राइंड केली की अंडरसाइज बेअरिंग बसतात. क्राऊन-पिनियनला अशी सोय नाही. त्याच्या दातावरून एकदा गेलेले पोलाद परत येत नाही.

शिवाय भार सगळ्यात जास्त कुठे पडतो तेही पाहावे. तीन गिअरच्या टी-90 बॉक्सचा पहिला गिअर सुमारे 2.8 पट, ट्रान्सफर केसचा लो 2.46 पट, म्हणजे इंजिनाचा पीळ पिनियनपर्यंत येताना जवळजवळ सातपट झालेला असतो. क्राऊनचे 43 दात आणि पिनियनचे 8, म्हणजे आणखी 5.38 पट. चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिन सुमारे 37 फेरे घेते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या म्हैसमाळच्या चढावर किंवा गौताळ्याच्या दगडधोंड्यांत हा सगळा जोर त्या आठ दातांतून जातो. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली जोडी असते. एकच बदलणे म्हणजे दुसऱ्याची झीज नव्या दातांवर लादणे. दातांना तेलात कालवलेला शेंदूर किंवा निळा रंग लावून क्राऊन फिरवली की स्पर्शाचा पट्टा उमटतो. तो शेंड्याकडे सरकला असेल तर पिनियन मध्यापासून लांब आहे, शिम वाढवून तो जवळ घ्यायचा. मुळाशी गेला तर शिम काढायचा. मग डायल गेज लावून बॅकलॅश इंचाच्या काही हजारांशांत आणायचा. एक शिम बदलला की पिनियनच्या बेअरिंगचा प्रीलोडही पुन्हा तपासावा लागतो. या कामात घाई करणाऱ्या हाताला गाडी देऊ नये.

गिअरबॉक्समध्ये शाफ्ट, बेअरिंग, सिंक्रोची कडी आणि ऑइल सील पाहावेत. पहिल्या गिअरला सिंक्रो नसल्याने त्याचे दात कडेला तुटलेले सापडतात.

या क्रमावर एक आक्षेप हमखास येतो: हौसिंग थोडा आवाज करते, पण गाडी चालते, इंजिनाशिवाय ती हलणारच नाही. खरे आहे, पण नव्या इंजिनाचा वाढलेला जोर झिजलेल्या दातांवरच येतो आणि ढिलाईतून ते एकमेकांवर आपटतात. दुसरा आक्षेप असा की डिझेल इंजिन टाकले की खर्चही कमी आणि ताकदही भरपूर. मात्र डिझेल कमी फेऱ्यांवर चालते, त्यामुळे 5.38 चे प्रमाण तसेच ठेवले तर हायवेवर गाडी धापा टाकते. ते बदलायचे तर पुढच्या-मागच्या दोन्ही हौसिंगमध्ये सारखेच बदलावे लागते, नाहीतर फोर-व्हील लावताच दोन्ही अॅक्सल एकमेकांविरुद्ध ओढू लागतात. आणि 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांपुढच्या गाडीची व्हिंटेज नोंदणी, म्हणजे ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक, हवा असेल तर गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेला चालत नाही.

तिसरा आक्षेप असा की असे काम करणारे कारागीर मिळत नाहीत. छत्रपती संभाजीनगरात तो मला सर्वात कमी पटतो. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत वाहनांचे सुटे भाग रोजच मोजून बनतात; मायक्रोमीटर आणि डायल गेज इथल्या कामगाराच्या हाताला सवयीचे आहेत. मोठे कारखाने एखाद्या जीपचे काम घेणार नाहीत, पण लेथ आणि ग्राइंडिंगचे छोटे जॉबवर्कवाले शाफ्टची झिजलेली बेअरिंगची जागा भरून मापावर आणू शकतात. त्यांच्याकडे जाताना मूळ माप लिहून न्यावे आणि जुना भाग सोबत ठेवावा. क्राऊन-पिनियनची जोडी मात्र त्यांच्याकडून भरून घेऊ नये.