जीन्स... कपाटातली नव्हे, कानातली!

‘‘तू ना, फारच नाजूक आहेस बाई!’’

ढोलपथकाचा सराव संपला की माझे कान रात्रभर ‘कुंईऽऽ’ करायचे आणि मैत्रिणीचा हा डायलॉग ठरलेला असायचा. दोघी एकाच रांगेत, सारखाच वेळ वाजवायचो. ती घरी जाऊन मस्त झोपायची. असे तीन गणपती झाले. मग एकदा कॉलवर क्लायंट ‘साठ’ म्हणाला आणि मी ‘आठ’ ऐकलं. शेवटी दोघींनी कान तपासून घेतले. माझ्या ग्राफमध्ये ४००० हर्ट्झपाशी मस्त खड्डा! मोठ्या आवाजाने कान दुखावल्याची ही नेहमीची खूण. आणि तिचा ग्राफ? एकदम सरळ!

असं कसं? उत्तराचा एक भाग जनुकांत, म्हणजे जीन्समध्ये आहे. आतल्या कानात साधारण १५ हजार केशपेशी असतात. आवाजाच्या कंपनांचे विद्युत संदेश त्याच करतात. मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यांचं काम चालतं पोटॅशियमच्या ये-जा वर. शिवाय दणदणाटात पेशींत घातक रेणू तयार होतात, ते निस्तरायला एन्झाइम्स लागतात. या सगळ्याचा आराखडा जीन्समध्ये, आणि तो प्रत्येकाचा थोडा वेगळा. उंदरांमध्ये तर हे स्पष्टच दिसतं: आवाज तोच, पण एका वाणाचे कान लवकर जातात, दुसऱ्याचे टिकतात. स्वीडन आणि पोलंडमधल्या, गोंगाटात राबणाऱ्या कामगारांच्या २००९च्या अभ्यासात पीसीडीएच१५ आणि एमवायएच१४ या जीन्सचा संबंध दिसला.

मग टेस्ट करून मोकळं व्हायचं? नाही हो! एकच जीन दोषी नाही. अनेकांचा थोडाथोडा हात असतो, त्यात वय आणि सिगरेटची भर. तुमचे कान दणकट की कच्चे, हे आधीच खात्रीने सांगणारी टेस्ट नाही. म्हणून फंडा सोपा: आपले कान कच्चेच समजायचे. ८५ डेसिबल आवाजात ८ तास ही मर्यादा. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं!

गेलेलं परत येणार नाही, हे मी स्वीकारलंय. पण ढोल सोडला नाही. आता इअरप्लग घालून वाजवते. परवा बघते तर मैत्रिणीच्याही कानात प्लग!

‘‘काय गं, तू तर नाजूक नाहीस ना?’’

‘‘पुढच्या वर्षीचा ग्राफ कुणी बघितलाय?’’