खारपाणपट्ट्याचे आकडे ठेवायचे कुठे?

मूर्तिजापूर तालुक्याचा बराच भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. जमीन काळी, खोल. विहिरीला पाणीही लागतं. पण ते पिकाला देत राहिलं, की त्यातलं सोडियम मातीचे कण सुटे करतं, जमीन घट्ट होते आणि पाणी मुरेनासं होतं. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात खाऱ्या पाण्यावर पिकं साधली नाहीत, प्रबंध मात्र पिकले.

ते सापडायच्या जागा मुख्यतः दोन. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे प्रबंध 'कृषिकोश'वर, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचे 'शोधगंगा'वर. कृषिकोश दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेकडून चालतो, शोधगंगा गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडून. पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत जमा करणं विद्यापीठ अनुदान आयोगाने 2009 साली नियमात आणलं आणि कपाटातले प्रबंध मूर्तिजापुरातल्या मोबाइलवरही उघडू लागले. हे उपकार लहान नाहीत.

पण उघडतं काय, तर पीडीएफ. तक्त्यात बहुधा सरासरी असते. कोणत्या विहिरीचं पाणी, मे महिन्यातलं की पावसाळ्यानंतरचं, ईसी (विद्युतवाहकता) किती, पीएच किती, ही मूळ नोंद विद्यार्थ्याच्या लॅपटॉपमध्येच राहते. त्याला नोकरी लागते, मार्गदर्शक निवृत्त होतात, आणि पुढचा विद्यार्थी पुन्हा बाटल्या घेऊन त्याच शिवारात उतरतो. दहा वर्षांत क्षार वाढले की घटले, हे मग कोण सांगणार?

अशा नोंदींसाठी डेटा रिपॉझिटरी असतात. विषयाची स्वतंत्र असेल तर आधी तिकडे जावं: जनुकीय माहितीसाठी फरिदाबादला 2022 पासून इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर आहे. विहिरीच्या तक्त्याला मला 'झेनोडो' सोयीची वाटते. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेने ती 2013 साली सुरू केली. ठेवायला पैसे पडत नाहीत, एका नोंदीत 50 जीबीपर्यंत जागा मिळते, आणि डीओआय हा कायमचा क्रमांक मिळतो. विभागाची वेबसाइट बदलली की दुवे तुटतात. डीओआयचं तसं होत नाही. दुसऱ्या जागा शोधायच्या तर 'आरई3डेटा' ही जगभरच्या रिपॉझिटरींची सूची आहे.

फाइल नुसती चढवून भागत नाही. तक्ता सीएसव्हीत हवा. सोबत एकक, तारीख आणि तपासणीची पद्धत लिहिलेली हवी. रिकामा रकाना म्हणजे शून्य की मोजलंच नाही, हेही सांगावं. शेतकऱ्याचं नाव आणि गट नंबर काढून गावापर्यंतच ठिकाण द्यावं. पाणी खारं म्हणून त्याच्या शेताचा भाव पडायला नको. परवाना सीसी-बाय ठेवला, तर श्रेय देऊन कुणालाही आकडे वापरता येतात.

शोधनिबंधाच्या तळाशी 'मागितल्यास माहिती मिळेल' असं छापतात, त्यावर माझा विश्वास नाही. मार्गदर्शकांनी प्रबंधावर सही करण्याआधी विद्यार्थ्याकडे मूळ तक्त्याचा डीओआय मागावा.