विल्यम एस. हार्ट : रंगभूमीवरून मूकपटाकडे

उच्चारित शब्द काढून घेतला तर नटापाशी काय उरते, या प्रश्नाच्या विवेचनासाठी अमेरिकन मूकपटातील विल्यम एस. हार्ट (१८६४–१९४६) याचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे.

हार्ट हा मुळात वाचिक अभिनयाचा नट. १८९९ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर ‘बेन-हर’ या नाटकात त्याने मेसालाची भूमिका केली होती. १९१४ मध्ये निर्माता टॉमस इन्स याच्याकडे तो चित्रपटांत काम करू लागला, तेव्हा त्याने पन्नाशी गाठत आणली होती. अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरील गुराखी व दरोडेखोर यांच्या कथा सांगणारे ‘वेस्टर्न’ चित्रपट तोवर लोकप्रिय झाले होते. परंतु त्यांतील पेहराव आणि व्यवहार हार्टला खोटे वाटत. बालपणी त्याने पश्चिमेकडील जीवन काही काळ जवळून पाहिले होते.

वाणी नाही म्हणून हातवारे वाढवावेत, हा त्या काळचा सोपा मार्ग होता. हार्टने ते उलट कमी केले. ‘हेल्स हिंजिस’ (१९१६) मध्ये धर्मोपदेशकाला पिटाळून लावण्यासाठी आलेला गुंड त्याच्या बहिणीला पाहताच बदलतो. हे परिवर्तन लेखी पाट्यांपेक्षा त्या लांबट, कोरीव चेहऱ्यावरील स्थिर नजरेतून अधिक कळते. ‘सत्प्रवृत्त दुर्जन’ हा नायकाचा नमुना त्यानेच रूढ केला. मात्र त्याचा वास्तववाद पुष्कळसा कपडे, धूळ आणि घोड्यांपुरताच होता. कथा भाबड्याच असत, हेही नोंदवले पाहिजे.

१९२० नंतर प्रेक्षकांना टॉम मिक्सचे झगमगीत पोशाख व घोड्यावरील कसरती अधिक आवडू लागल्या. निर्मितीसंस्थेने सुचवलेले बदल हार्टने मानले नाहीत. १८९३ मधील ओक्लाहोमातील जमीन मिळवण्याच्या प्रचंड धावेवर आधारित ‘टम्बलवीड्स’ (१९२५) हा त्याचा अखेरचा कथापट ठरला. त्याच्या वितरणावरून युनायटेड आर्टिस्ट्सशी वाद न्यायालयात गेला आणि हार्ट न्यूहॉल येथील आपल्या रँचवर निवृत्त झाला.

१९३९ मध्ये हाच चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा त्याला एक बोलके प्रास्ताविक जोडण्यात आले. त्यात चौऱ्याहत्तर वर्षांचा हार्ट कॅमेऱ्यासमोर उभा राहून प्रेक्षकांचा निरोप घेतो. त्याच्या मूकपटांत कधीच न उमटलेला तो आवाज भारदस्त व किंचित कंप पावणारा आहे. त्यातील शब्दफेक गुराख्याची नसून जुन्या रंगभूमीवरील नटाची आहे.