वय विचारू नका, उंची मोजा

विरारच्या चंदनसारहून शिरसाडमार्गे पारोळचं वॉटर पार्क जवळ पडतं. खोपोलीच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानाला मात्र जाण्यायेण्यातच अर्धा दिवस जातो. गोराईचं तसंच 1989 सालचं उद्यान, एस्सेलवर्ल्ड, 2022 मध्ये बंद झालं. एवढा वेळ नि पैसा खर्च करून जायचं, तर मूल केवढं असावं?

राइडवर जन्मतारीख कोणी बघत नाही. तिथे उंचीची पट्टी असते. मोठ्या राइड्सना बहुधा 120 ते 140 सेंटिमीटर उंची लागते, कारण सुरक्षेचा दांडा अंगावर घट्ट बसायला हवा. लहान चणीचं मूल त्याखालून निसटू शकतं. 120 सेंटिमीटर उंची साधारण सातव्या वर्षाच्या आसपास येते. निघण्याआधी घरीच चपला काढायला लावून, भिंतीशी उभं करून मोजा. रांगेत ताटकळून पट्टीपाशी मागे फिरवलेल्या पोराचं रडणं बघवत नाही.

तिसऱ्या वर्षाआधीच्या आठवणी मोठेपणी सहसा उरत नाहीत. म्हणून उंची आणि आठवण दोन्ही धरून मला सात ते दहा हे वय उत्तम वाटतं. धाकटं भावंड सोबत असेल तर पारोळच बरं: उथळ पाण्यात तेही रमतं. फक्त मोठ्या माणसाने मोबाइल बाजूला ठेवून त्याच्या हाताच्या अंतरावर राहायचं.